सतरा नंबरची बाटली

“सतरा नंबरमध्ये क्लोराइड? हे कुठून काढलंत?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं.

“सर, पांढरा साका आला होता,” मुलगी म्हणाली.

“सतरा नंबर नायट्रेट आहे. त्यात काही येत नाही. दिसेल ते लिहायचं असतं, मनातलं नाही.”

“दिसलं तेच लिहिलंय.”

कोपऱ्यात परीक्षानळ्या विसळणाऱ्या मामांचे हात थांबले. प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढलेल्या या शिपायाला सगळं कॉलेज मामाच म्हणायचं. परीक्षेत ओळखायला दिलेल्या क्षारांच्या बाटल्यांवर नंबर तेच टाकत, आणि परीक्षेच्या सकाळी मुलं त्यांना जिन्याखाली गाठत.

“मामा, नऊ नंबर?”

“फॉस्फेट. पळ.”

मामा कुणाचा चहासुद्धा घेत नसत. शिकलेल्यांची पोरं आपल्या तोंडाकडे बघतात, एवढ्यावरच त्यांचं पोट भरे.

आजही त्या घोळक्यात तास गेला आणि क्षार विरघळवायचं डिस्टिल्ड पाणी काढायचं राहून गेलं. मामांनी टेबलांवरच्या पाण्याच्या बाटल्या सरळ नळाखाली धरल्या. कोणाला कळतंय?

पण नळाच्या पाण्यात क्लोराइड असतंच. सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब पडले, की ते दुधासारखं फुटतं. म्हणजे आज बाटलीत कोणताही क्षार असो, साका येणारच होता. ही मुलगी तेवढी जिन्याखाली विचारायला थांबली नव्हती.

“सर, नापास झाले तर वर्ष जाईल,” ती हळूच म्हणाली. “पण मी खोटं नाही लिहिलं.”

“जा तुम्ही.” परीक्षकांनी गुणपत्रिकेवर आकडा टाकला.

मामांनी एक कोरडी नळी घेतली, टेबलावरच्या बाटलीतलं पाणी ओतलं, वर सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले आणि नळी परीक्षकांपुढे धरली. आतलं पाणी पांढरं झालं होतं.

“हे काय?”

“नुसतं पाणी आहे साहेब. नळाचं. डिस्टिल्ड म्हणून मीच भरलं. पोरीची चूक नाही.”

परीक्षकांनी नळी खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. स्टँडमध्ये ठेवली. मग आधीचा आकडा खोडून शेजारी नवा लिहिला आणि सही केली. मामांना वाटलं, सुटलो.

पेन मात्र टोपणात गेलं नाही. परीक्षकांनी बाकीचे पेपर पुढे ओढले. एक उलटला, दुसरा, तिसरा.

“पाणी सगळ्यांना हेच होतं?”

“हो साहेब.”

“मग बाकीच्या एकतीस जणांचं बरोबर कसं आलं?”

मुलीनं वळून मामांकडे पाहिलं. सकाळी जिन्याखालून जाताना ती मान खाली घालून गेली होती, हे त्यांना आता आठवलं.

मामांनी हातातल्या फडक्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. स्टँडमधल्या नळीत साका हळूहळू तळाशी बसत होता.