टोपण लावलेलं पेन

कुसुमताई मला आधी आठवतात त्या आवाजाने. पेनाला टोपण लावल्याचा बारीक ‘टक्’, आणि त्यामागून येणारी शांतता. पानं गळून गेल्यावर पळसाच्या रानात असते तशी, फुलण्याच्या अगदी आधीची.

पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या सेक्टरातल्या त्या जुन्या डॉक्टर. जामुलच्या सिमेंट कारखान्याकडचा धुरकट उजेड खिडकीतून त्यांच्या पांढऱ्या केसांवर उतरे आणि तिथे मात्र निर्मळ होई. माझी बायको सुमन तेव्हा विझत चालली होती. फोडणी जळून जाई, ती कढईकडे बघत उभी. ताकदीचं इंजेक्शन मिळेल म्हणून मी तिला घेऊन गेलो.

“वहिनी, झोप लागते का?” ताईंनी सुमनला विचारलं.

“लागते न, चांगली झोपते,” मी म्हणालो. भूकही मीच सांगितली.

टक्.

“भाऊ, तुमची पाळी कोनती?”

“नाईटच करून राहिलो जी, महिना झाला.”

“मंग वहिनी रात्री झोपते, हे तुमाले कोनं सांगतलं?”

तापलेल्या पोलादाच्या रंगावरून त्याची उष्णता सांगणारा मी. माझ्याच घरातला निवत चाललेला चेहरा मला वाचता आला नव्हता.

“सकाळचा भोंगा होतवर जागीच रायते मी,” सुमन भिंतीकडे बघत म्हणाली.

ताईंनी मला बाहेर बसवलं. बराच वेळ दाराआडून फक्त सुमनचा आवाज येत होता, अडखळत, मग सलग. त्या दिवशी त्यांनी गोळी लिहिली नाही. सकाळी फिरायला सांगितलं, आठवड्याने बोलावलं. दुसऱ्यांदाही नुसतं तिचं ऐकून घेतलं. तिसऱ्यांदा, सुमन अजून तशीच आहे हे पाहून, त्यांनी सावकाश टोपण काढलं.

“पागलपनाची गोळी तर नाही न?” मी पुटपुटलो.

“उदासीची आहे. फरक पडाले दोन-चार हप्ते लागतीन. मधातच बंद नोका करू.”

सव्वा महिन्याने त्यांनी पुन्हा झोपेचं विचारलं. मी ओठ घट्ट मिटले. सुमन माझ्याकडे वळली.

“सांगा न! तुमालेच तर सारं माहीत रायते!”

आणि ती हसली. ताईही. मी रुमाल शोधत राहिलो. छातीवरचा दगड असा हसण्याने उतरतो, हे मला ठाऊक नव्हतं.

आता ती खिडकी बंद असते. ताई गेल्या त्याला दोन उन्हाळे झाले. सुमनची गोळीही त्यांनीच, हळूहळू कमी करत, थांबवली होती. पण आजही तिला कुणी काही विचारलं, की माझ्या ओठांशी उत्तर येतं आणि आत कुठेतरी टोपण लागतं. माणूस निघून जातो. त्याने शिकवलेला एक क्षणाचा थांबा मागे उरतो, आणि आमच्या घरात त्या क्षणात सुमन बोलते.