डब्यात भरलेला मे महिना

शरयू मॅडम अकोल्याच्या. मे महिन्यात जिथे कावळेसुद्धा सावली शोधत फिरतात, त्या गावातून त्या गेल्या वर्षी आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आल्या आणि बुलढाण्याच्या पहिल्याच डिसेंबरने त्यांचा पराभव केला. दोन स्वेटर, एक शाल आणि वर कानटोपी, हा त्यांचा गणवेश झाला.

"कुशल सर, हे गाव हाय का फ्रीज?" त्या विचारत.

उत्तरादाखल मी उठून, बंदच असलेला पंखा बंद आहे ना, हे पाहून येत असे.

संस्थेची एक शाखा अकोल्यातही आहे. तिथे बदली मागण्याची मुदत यंदा डिसेंबरातल्या एका शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता संपत होती. "यंदाची थंडी मी नाही काढणार," असे त्या मार्चपासूनच सांगत होत्या. अर्जही लिहून तयार होता. 'जाऊ नका' एवढेच मला म्हणायचे होते, आणि तेवढेच म्हणता येत नव्हते. म्हणून मी उष्णता साठवायला घेतली.

रसायनशास्त्राला अबोल माणसांची दया येत असावी. झिओलाइट नावाच्या खनिजाचे मणी मिळतात. कडक तापवले की ते अंगातले पाणी सोडून देतात. मग हवाबंद ठेवले, तर कितीही महिन्यांनी, पाणी भेटताच, तीच उष्णता परत करतात. तोवर हाताला अगदी थंड लागतात. सबंध मे महिना मी महाविद्यालयाच्या गच्चीवर आरशांच्या सौरचुलीत चाळीस किलो मणी तापवले आणि डब्यांत बंद केले.

त्या शनिवारी ते मी एका पत्र्याच्या पेटीत ओतले आणि पेटी स्टाफरूममध्ये ठेवली. एक लहानसा पंखा तिच्यातून ओलसर हवा फिरवणार, आणि खोली चार दिवस मंद उबदार राहणार, असा बेत होता. साडेतीनला सुरुवात करायची. तोवर माझा एक तास होता.

तासावरून परतलो, तर व्हरांड्यातच उदबत्तीचा वास. आत आमच्या प्रयोगशाळेचे परिचर सहदेवभाऊ उभे. नारळ फुटल्याशिवाय या माणसाने आजवर एकही यंत्र चालू होऊ दिलेले नाही. पेटीला हळदकुंकू, झाकण उघडे, आत नारळाचे पाणी. आणि आता हातातली बादली ते वरून रिती करत होते.

"सहदेवभाऊ! पाणी काऊन ओतलं?" आयुष्यात प्रथमच मी ओरडलो.

"नवीन मशीन हाय, सर. आंघोळ नको काय घालाले?" ते म्हणाले, आणि पेटी फुसफुसली तशी दोन पावले मागे सरले. "अरे बाप! हे तं तापून राह्यलं!"

चार दिवसांची ऊब एकदमच बाहेर पडली. पेटीतून वाफेचे लोट उठले, खिडक्यांच्या काचा धूसर झाल्या. त्याच वेळी दार उघडून शरयू मॅडम आत आल्या आणि जागीच थबकल्या. मग त्यांनी कानटोपी काढली. शाल काढली. एक स्वेटर काढला. थोडा विचार करून दुसराही काढला.

"सर," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यासारखं वाटून राह्यलं."

"पाऊण तास टिकेल," मी म्हणालो. "मग संपलं सगळं. त्यात नारळाच्या पाण्यातली साखर मण्यांत राहिली, तर पुढच्या वेळी तापवताना ती जळेल. आजच धुवायला हवेत."

"मंग बसले काऊन? चाळणी आणा!"

सहदेवभाऊ अपराधी चेहऱ्याने प्रसादाचे खोबरे वाटून निसटले. आम्ही दोघे नळाखाली मणी धूत राहिलो. पाणी गार होते, बोटे बधिर होत होती; त्या दर किलोमागे किती उष्णता, खोलीभर हिवाळ्याला किती किलो, असे विचारत होत्या आणि मी, आश्चर्य म्हणजे, सलग बोलत होतो. पाचला पाच मिनिटे कमी असताना, जिथे बदलीचे अर्ज घेतात त्या खालच्या कार्यालयाचे शटर लिपिकाने अर्धे ओढल्याचा आवाज आला. सांगावे की नाही? त्यांना आठवण करून देणे हेच सभ्यपणाचे होते. मी मणी चोळत राहिलो. शटर पूर्ण खाली आले.

"मॅडम," अखेर मी खालमानेने म्हणालो, "पाच वाजले. मी मघाशीच सांगायला हवं होतं."

"घड्याळ माह्याही हातात हाय, सर," त्या म्हणाल्या. "ती दुसरी चाळणी द्या इकडे."