वेणूबाईंच्या दारामागचं खुंटाळं

मी खुंटाळं बोलतोय. सागाची एक फळी आणि तिच्यावर ओळीनं पाच खुंट्या, एवढाच माझा देह. हणमंत सुतारानं दाराच्या चौकटीच्या उरलेल्या लाकडातून मला घडवलं आणि नवनगरातल्या वादिराज आणि वेणूबाईंच्या घरी पुढच्या दारामागे ठोकलं.

तेव्हा मला उसंत नसे. वादिराजांची छत्री, लेकीचं म्हणजे वेदश्रीचं दप्तर, वेणूबाईंची पर्स. वेणूबाई हुबळीच्या टेलिफोन कचेरीत होत्या. कितीतरी नंबर त्यांना तोंडपाठ. "डिरेक्टरी कशाला उघडता? वेणूला विचारा!" असं वादिराज कौतुकानं सांगायचे.

मग वेदश्री लग्न होऊन पुण्याला गेली. वादिराज वारले. माझ्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या लटकू लागल्या. घराची किल्ली कधी फ्रिजवर सापडे, कधी देवघरात.

एकदा वेणूबाई हुबळीहून बसनं परत येताना आपला नवनगरचा थांबा विसरून थेट पुढच्या रायापूरला उतरल्या. उन्हातून कशाबशा घरी पोचल्या, तर किल्ली मिळेना. शेजारीण बाहेर आली.

"अक्का, कीली सिक्तेन्री?" किल्ली सापडली का, असं ती विचारत होती.

पिशवी पायरीवर उलटी केली तेव्हा किल्ली मेथीखाली निघाली. पण वेणूबाईंना त्याहून मोठा धक्का बसला होता. दोन वर्षं शेजारी राहणाऱ्या बाईचं नाव त्यांच्या ओठावर येईना. शेवटी त्यांनी विचारलंच. "श्रीलक्ष्मी की हो," ती हसून म्हणाली. वेणूबाई आत आल्या, दार लावलं आणि माझी खुंटी धरून रडल्या.

त्यांनी ही गोष्ट फोनवर वेदश्रीला सांगितली आणि तिच्या आग्रहानं केशवापूरच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. तपासण्या झाल्या, आजार निघाला नाही. "किल्ली ठेवताना मन तिथं नसतं, मग ते आठवणार कुठून?" असं बाई म्हणाल्याचं वेणूबाईंनी घरी येऊन मला जसंच्या तसं सांगितलं. हो, मलाच. ऐकायला दुसरं कोण होतं?

त्या दिवशी पिशव्या निघाल्या. पहिल्या खुंटीवर किल्ली, दुसरीवर चष्मा. जागा ठरली ती ठरलीच. ठेवताना त्या मोठ्यानं म्हणत, "किल्ली टांगली." निघताना म्हणत, "गॅस बंद केला." शेजारणीच्या उंबऱ्यावरची लक्ष्मीची पावलं मनात धरली, आणि तिचं नाव पुन्हा कधी निसटलं नाही. बाजारात जायच्या आधी डोळे मिटून त्या मनातल्या मनात माझ्यावर सामान टांगून पाहत. एका खुंटीवर कोथिंबिरीची जुडी, एकीवरून दही ठिबकतंय, एकीवर भोपळा लोंबतोय! स्वतःशीच हसत. आणि तो भोपळा हमखास घरी येई.

दिवेलागणीला खुर्ची घेऊन माझ्यासमोर बसायचं आणि सकाळपासूनचा दिवस क्रमानं आठवायचा, हाही एक नेम झाला. काही महिन्यांत त्यांची आठवण चांगलीच लखलखीत झाली. मला अभिमान वाटायचा.

पण रोज गप्पांना डोकावणाऱ्या श्रीलक्ष्मीची नोकरीत बेळगावला बदली झाली, आणि संध्याकाळचं ते आठवणं आखूड होत गेलं.

"सकाळी दूध आलं. दूधवाला पिशवी दाराला अडकवून गेला. दुपारी फोन वाजला, तो जाहिरातीचा होता. मग..." त्या थांबत. पुढे काही नसेच. पूर्वी सगळे दिवस एकमेकांत मिसळून जायचे. आता एकेक दिवस वेगळा दिसत होता, आणि प्रत्येक रिकामा होता.

दिवाळीत वेदश्री आली. रायापूरच्या त्या प्रकारापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. दोन दिवस तिनं आईला निरखलं. गोळ्या वेळेवर, गॅस बंद, किल्ली जागेवर. ती खूश झाली.

"आई, तू तर माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस! आता तू इथं एकटी राहायला काहीच हरकत नाही."

"हरकत आहे, वेदू."

"काय झालं?"

"तू येण्याआधीच्या सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारीही नाही. मला सगळं नीट आठवतंय गं."

वेदश्रीच्या हातातली पिशवी खाली आली. "मग आधी का नाही बोललीस?"

"विसरत होते ना, तोवर इतकं कळलंच नव्हतं."

वेदश्रीनं आईला जवळ घेतलं. आठवड्याभरात सामान बांधून दोघी पुण्याला गेल्या. जाताना वेणूबाईंनी माझ्या फळीवरून हात फिरवला.

आता घर बंद आहे. माझ्या खुंट्यांवर कोळ्यानं जाळं विणलंय. परवा दलाल गिऱ्हाइकाला घर दाखवत होता. भिंतीवरचं सगळं काढून टाकू, असं दोघांचं ठरलं.

काढा, माझी ना नाही. लाकूड अजून पक्कं आहे, कुणाच्याही घरी उपयोगी पडेन. फक्त एवढं करा, मला अशा दारामागे ठोका, जिथं एका खुंटीवरून दोघांची भांडणं होतील.