एलादियोची तीन पिंपं

एलादियो पेल्यात नाक घालून वाईनबद्दल जे सांगेल ते स्पेनमधल्या तोरो गावात चाळीस वर्षं खरं मानलं जात होतं. म्हणूनच त्या दुपारी बेनिल्दे चक्रावली. तिच्या खानावळीत त्यानं आपल्या पहिल्या पिंपातली लाल वाईन आणली होती. दीर्घ वास घेऊन तो म्हणाला, "झकास!" आणि घोटही न घेता पेला तिच्यापुढे सरकवला. तिनं तो तोंडाशी नेला मात्र, व्हिनेगरचा भपकारा आला.

गिऱ्हाइकांच्या नकळत तिनं पेला बाजूला ठेवला. सगळे गेल्यावर तिनं कढईतला लसूण मुद्दाम करपू दिला.

"कसला वास येतोय रे?"

"तुझ्या रश्शाचा. दुसरा कसला?"

"लसणाचा कोळसा झालाय, एलादियो."

तो मटकन खुर्चीत बसला. "हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हापासून नाक गेलंय. कुणाला बोलू नकोस गं."

"आणि तुझी पिंपं? पहिल्याचं तर व्हिनेगर झालंय."

"पहिलं बिघडलं म्हणतेस. उरली दोन. कुठलं आता बाटल्यांत भरायचं नि कुठलं ठेवायचं, मला कुठून कळणार?"

दुसरं कुणी असतं तर हळहळलं असतं. बेनिल्देच्या डोक्यात मात्र भलतंच सुरू झालं. "जिभेला काय काय कळतं तुझ्या?"

"आंबट, खारट, तिखट, तुरट. बस."

"बस काय? माझी अर्धी खानावळ त्यावर चालते!"

दुसऱ्या दिवशी ती टोपली घेऊन त्याच्या तळघरात उतरली. मेंढीच्या दुधाचं जुनं चीज, खारवलेला मासा, पालक घातलेले हरभरे, आणि द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या चरबीदार बरगड्या. एकेक घास, मग उरलेल्या दोन्ही पिंपांतला एकेक घोट, असं ठरलं.

माशाबरोबर तिचं तोंड वाकडं झालं. "शी! गंजका खिळा चघळल्यासारखं."

"मला तसं काही नाही. पण हिरड्या कोरड्या पडल्या."

हरभऱ्यांबरोबर दोन्ही वाईन नुसत्या बऱ्या लागल्या. चीज खाल्ल्यावर तिसऱ्या पिंपातल्या वाईनचा तुरटपणा निवला, तसा एलादियो सरसावून बसला. "पुन्हा दे बघू."

बेनिल्देचा जीव मात्र दुसऱ्या पिंपावर जडला होता. काळ्या मनुका, ओली माती, जरासा धूर. किती वास घेऊ नि किती नको असं तिला झालं. "हेच भर बाटल्यांत. डोळे मिटून भर."

एलादियोनं बरगडीचा मोठा घास चावला, त्यावर त्याच पिंपातला घोट घेतला आणि तोंडात घोळवत राहिला. "नाही. चरबीनं तुरटपणा निवतो, पण एवढ्या चरबीवरही ही गाल आत ओढतेय. अजून कच्ची आहे ही. वर्षभर तिला हात लावायचा नाही."

"तुला वास येत नाही म्हणून..."

"तू नाक दाबून पी."

तिनं नाक चिमटीत धरलं. मनुका गेल्या, धूर गेला. उरली ती नुसती खरखर, कच्च्या केळ्याची साल चावावी तशी. ती थक्क होऊन त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं कोकराला कुठली वाईन लागते हे ती सांगत आली होती, पण का लागते हे तिनं कधी स्वतःला विचारलंच नव्हतं.

तिसरं पिंप बाटल्यांत गेलं. दुसरं पुढच्या वर्षापर्यंत तसंच राहिलं, आणि मग दोघांनी पुन्हा टोपली घेऊन बसून ते उघडलं. या खेपेस एलादियोनं नुसती मान डोलावली. बेनिल्देनं नाक दाबून घोट घेतला आणि पेला पुन्हा पुढे केला.

सालामांकाहून घाऊक व्यापारी आला तेव्हा एलादियोनं सरळ सांगून टाकलं, "मला वास येत नाही. वासाचं हिला विचारा, बाकीचं मला."

व्यापारी हसला, पण दोघांनाही विचारलं. "आणि या वाईनबरोबर खायचं काय?"

"कोकरू," एलादियो म्हणाला.

"जुनं चीज," बेनिल्दे त्याच क्षणी म्हणाली.

"अगं, चीज कोण जेवतं?"

"तू विचारूच नकोस. त्या दिवशी चीजची अर्धी चकती तूच संपवलीस!"

व्यापाऱ्यानं खुर्ची ओढली आणि दोन्ही मागवलं.