सुरुवातीचा भाग

कॉम्प्युटरच्या वर्गात पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, "इथे कोणी हुशार नाही आणि कोणी ढ नाही." छोटीला केवढं हायसं वाटलं! घरात काय नि गॅरेजमध्ये काय, ती ढच होती. गॅरेज दादाचं, गिऱ्हाइकं दादाची, आणि काउंटरवर बसून बिलं फाडणारी ही दादाची बहीण. "छोटे, चहा सांग. छोटे, तो पाना दे. छोटे, तोंड बंद ठेव." अशी हाकाहाक दिवसभर चालायची. हा वर्गसुद्धा दादानेच लावून दिला होता, बिलं कॉम्प्युटरवर करता यावीत म्हणून.

वर्ग म्हणजे बँकेच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, करकरणाऱ्या खुर्च्या आणि एकेका कॉम्प्युटरवर दोघं दोघं. छोटीच्या वाट्याला आले कंडक्टरकाका. बसमधली नोकरी संपून माणूस घरी बसला होता, पण माऊस धरला तरी वाटावं, आता तिकीट फाडून हातात देतील. "अगं, हा बाण पळाला बघ! धर त्याला!" म्हणून असे ओरडायचे की सगळा वर्ग हसायचा. मॅडम तशा गरीब स्वभावाच्या, पण एका नियमाला पक्क्या. दर आठवड्याला काहीतरी बनवायचं, वर्गाच्या ग्रुपवर टाकायचं, आणि पुढच्या तासाला उभं राहून सांगायचं की यातून मी काय शिकले.

त्या आठवड्याचा अभ्यास होता, आपण काम करतो त्या जागेचा छोटासा व्हिडिओ. "लांबण लावू नका," मॅडम म्हणाल्या. "जिथे नजर अडकते तिथून सुरू करा. आधीचं खुशाल कापून टाका."

आणि आमच्या या शहाणीने अक्षरशः तेच केलं.

झालं असं. तिने फोन ऑइलच्या डब्यांना टेकवून फळीवर उभा केला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि काउंटरवर जाऊन बसली. कॉम्प्रेसर ढणढण वाजत होता, शेजारचं बोललेलंही ऐकू येत नव्हतं. तिने मान वर केली ती कोणीतरी किंचाळलं म्हणून. बघते तर मालट्रकचा एक किडकिडीत ड्रायव्हर जॅकचा दांडा दादाच्या डोक्यावर उगारून उभा! छोटीची बोबडीच वळली. पण दादा वाकला, त्याने दांडा हिसकावला आणि मग त्या माणसाला फोडून काढला. मनगटावर, गुडघ्यावर, तोंडावर. काड्या मोडाव्यात तसा आवाज येत होता. ड्रायव्हर टायरांच्या ढिगावर पडला, तिथून घसरून जमिनीवर आला, आणि त्याच्या तोंडातून रक्ताबरोबर दात बाहेर आले. दादाचा हात भरून आला तेव्हा कुठे तो थांबला.

"सरळ अंगावर आला बघ," दादा धापा टाकत म्हणाला. "ब्रेक नीट केले नाहीत म्हणे! आधी हात त्याने टाकला."

छोटीने मान डोलावली. उगारलेला दांडा तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तुम्हीही डोलावली असती.

वर्गात जाऊन तिने तो व्हिडिओ वायरने कॉम्प्युटरवर घेतला आणि फोन गच्च भरला होता म्हणून फोनमधून पुसून टाकला. मग पट्टी सरकवत सरकवत थेट दांडा उगारलेल्या क्षणावर नेली, आधीचं काय आहे ते न बघताच कापलं, आणि ग्रुपवर टाकलं. छाती अशी फुगली होती म्हणता! काकांनी तो लगेच आपल्या जुन्या कंडक्टर मंडळींना पाठवला, "काय मर्द आहे बघा" असं लिहून. तिथून तो जो सुटला तो शहरभर झाला.

गावगुंडाला एकटा नडलेला मेकॅनिक! लोक गाड्या थांबवून दादाशी हात मिळवायला लागले, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायला लागले. पोलीससुद्धा आले ते हसत आले. आणि दुसरीकडे लोकांनी ड्रायव्हरला ओळखलं. बिचारा हाताला प्लास्टर घालून औषधाच्या दुकानाबाहेर उभा होता. पाच-सहा जणांनी त्याला रस्त्यात आडवा केला आणि बुटांनी तुडवला. "दांडा उगारतोस काय? उगार आता!" म्हणत तुडवला. त्यात त्याचा एक डोळा गेला. आता तो इस्पितळात होता, दाराशी पोलीस बसला होता, आणि बरा झाला की खुनाच्या प्रयत्नाबद्दल थेट कोठडीत जायचा होता. फक्त एका साक्षीदाराची सही बाकी होती. ती सही छोटीची.

डोळ्याचं ऐकलं त्या दिवशी छोटीच्या घशाखाली घास उतरेना. पण दादा म्हणाला, "पेरलं तेच उगवलं त्याचं," आणि आई म्हणाली, "तू जेव गप." मग ती जेवली.

पुढच्या तासाला मॅडमनी समजावलं की व्हिडिओ कापला तरी मूळचा कुठे जात नाही, तो आपल्या जागी तसाच असतो. "बघा बरं तुमचा आहे का," त्या म्हणाल्या. छोटीने शोधला. होता.

"लाव की," काका म्हणाले. "तुझ्या दादाचा पराक्रम पहिल्यापासून बघू."

दोघांनी एकेक कानाला हेडफोन लावला. पडद्यावर ड्रायव्हर आला, टोपी हातात धरून. कॉम्प्रेसरच्या आवाजातून त्याचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. उतारावर ब्रेक लागला नाही म्हणत होता, गाडीत मुलगी होती म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता. एवढंच म्हणाला, "परत एकदा बघा ना, मालक." बाकावर थांबलेली दोन गिऱ्हाइकं हसली. दादाने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की टोपी उडून ऑइलमध्ये पडली. ड्रायव्हरने हात जोडले आणि तो गाडीकडे वळला. दादाने मागून पाना घातला, खांद्याच्या खाली, मग पाठीत. माणूस गुडघ्यांवर आला. दादाने लाथ घातली, पोटात, पुन्हा पोटात. ड्रायव्हर हातांवर सरपटत भिंतीपर्यंत गेला. तिथे त्याच्या हाताला जॅकचा दांडा लागला. तो भिंतीला धरून उठला आणि किंचाळत त्याने दांडा उगारला.

इथून पुढचं सगळ्या शहराला पाठ होतं.

काकांनी कानातला हेडफोन काढून ठेवला. कपाळावरचा घाम पुसून शेवटी म्हणाले, "मी सगळ्यांना पाठवला गं. मर्द म्हणून पाठवला." दादाचा हात छोटीला ठाऊक का नव्हता? घरात त्याला 'जरा तापट' म्हणायची पद्धत होती. आईच्या कानातून रक्त आलं होतं तेव्हाही तो जरा तापटच होता.

आणि एवढं असून ती घरी जाऊन दादाला विचारायला गेली! अहो, कोणी सांगितलं होतं? पण विचारलं तिने. भावाच्या तोंडून एकदा खरं ऐकावं असं तिला वाटत होतं, दुसरं काही नाही.

"तो आधी अंगावर आला होता ना रे दादा?"

दादाने हातातलं ताट खाली ठेवलं. "का?"

"काही नाही. सुरुवातीचा भाग..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. त्याने तिला वेणीला धरून उठवलं आणि दाराच्या चौकटीवर आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. "कुठे आहे?" तो विचारत होता आणि मारत होता. तिने ओठ आवळून घेतले, तेव्हा त्या ओठांवरच मूठ बसली. मग त्याने तिचा फोन घेतला, ओट्यावर ठेवला आणि हातोड्याने त्याचा चुरा होईपर्यंत ठोकला. त्याला वाटलं, व्हिडिओ फोनमध्येच असणार. वर्गाला ती जात होती, तो नव्हता.

"उद्या संध्याकाळी तुझ्या वर्गाला मी येतोय, मॅडमनी बोलावलंय सत्काराला," तो हात धूत म्हणाला. "परवा सकाळी पोलीस ठाण्यात सही. कळलं?"

आईने ओल्या फडक्याने छोटीचं तोंड पुसलं. "कशाला विचारलंस गं? त्याच्या जिवावर चूल पेटते आपली." छोटीला आईची दया आली आणि रागही आला. राग जास्त आला.

दुसऱ्या दिवशी वर्ग खचाखच भरला होता. दादा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला. ओठ कसा सुजला, म्हणून मॅडमनी विचारलं, तर त्यानेच परस्पर सांगितलं, "जिन्यावरून पडली वेंधळी." लोक हसले. काका हसले नाहीत. मॅडमनी दादाचं कौतुक केलं, टाळ्या झाल्या, आणि मग त्या म्हणाल्या, "आता छोटी सांगेल, ती यातून काय शिकली."

छोटी उठली. टाळ्या चालू असतानाच तिने कॉम्प्युटरवरून एक काम उरकलं होतं. ती बोलायला लागली तोच खोलीतले सगळे फोन एकदम वाजले.

"मी आधीचा भाग न बघता कापला होता," ती म्हणाली. "एका माणसाचा डोळा गेला त्यात. पूर्ण व्हिडिओ आता ग्रुपवर टाकलाय. इथेही लावते."

वर्गातल्या मोठ्या पडद्यावर टोपी उडाली. पाना बसला तेव्हा कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. दादा उठला आणि त्याने भिंतीवरची वायर खेचून काढली. पडदा काळा झाला, पण लाथांचा आवाज थांबेना. तो आता प्रत्येकाच्या हातातून येत होता, कोणाच्या आधी, कोणाच्या मागाहून. दादा वेड्यासारखा गोल फिरला. मग त्याने छोटीला धरलं. तिचं डोकं टेबलावर आपटलं, कीबोर्डचे दोन तुकडे झाले, तेच तुकडे घेऊन तो तिच्या चेहऱ्यावर मारत राहिला. "घरची आहेस ना? घरची ना तू?" काका मध्ये पडले, त्यांचा चष्मा फुटला, भुवई फाटली, पण त्यांनी दादाच्या कमरेला घातलेली मिठी सोडली नाही. गर्दीच्या बसमध्ये आयुष्य काढलेला माणूस तो! मग बाकीच्यांना जाग आली. माणसं दादावर पडली आणि कालपर्यंत त्याच्याबरोबर फोटो काढणाऱ्यांनीच त्याला लाथा घालायला सुरुवात केली.

"मारू नका!" छोटी रक्त थुंकत ओरडली. "अरे, मारू नका कोणाला!"

कोणी ऐकलं नाही. पोलीस आले तेव्हाच सगळे थांबले, आणि पोलिसांनी दादाला धरून खाली नेलं.

तिच्या गालाला टाके पडले. ज्या इस्पितळात टाके घातले तिथेच वरच्या मजल्यावर तो ड्रायव्हर होता. काका नको नको म्हणत असताना ती जिना चढून गेली. दाराशी आता पोलीस नव्हता. ड्रायव्हर उशाला टेकून बसला होता, अर्धा चेहरा पट्टीत. त्याची मुलगी त्याला पाणी पाजत होती. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती, कारण मुलगी छोटीकडे बघून हसली. "तूच ना ती? पूर्ण व्हिडिओ टाकलास ती? बाबा, हिच्यामुळे सुटलो आपण."

छोटीला ते हसू सोसेना. "आधीचा पण मीच टाकला होता," ती म्हणाली. "कापलेला."

मुलीच्या हातातला पेला तसाच राहिला. ड्रायव्हरने छोटीचा सुजलेला चेहरा, टाके, सगळं नीट बघून घेतलं. काहीतरी बोलेल, शिवी देईल, म्हणून ती वाट बघत उभी राहिली. त्याने उरलेला डोळा मिटला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.