गुरुवारची बाई

हरवलेल्या वस्तूंची खिडकी म्हणजे ठाण्यातली अडगळ, आणि तिथे बसवलेला माणूस म्हणजे अडगळीतलीही अडगळ, असं नाना स्वतःच म्हणायचे. दुसऱ्या कोणी म्हणण्याआधी आपणच म्हणून टाकलेलं बरं असतं. हवालदारकीला बत्तीस वर्षं झाली होती, गुडघे कामातून गेले होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. साहेबांनी एके दिवशी गोड बोलून त्यांना मागच्या बाजूच्या त्या खिडकीवर बसवलं. समोर एक लाकडी बाक, पाठीमागे कपाट, कपाटात लोकांनी विसरलेले डबे, टोप्या, एकेकटे बूट. काम काय, तर वहीत चार रकाने भरायचे: तारीख, नाव, वस्तूचे वर्णन, सही.

घरी तरी काय वेगळं होतं! बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगा दुसऱ्या शहरात. महिन्यातून एकदा फोन करून "बाबा, गोळ्या घेता ना?" एवढं विचारायचा आणि उत्तर पुरतं ऐकायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणायचा. नाना सकाळी स्वतःशी बोलत चहा करायचे आणि संध्याकाळी रेडिओशी वाद घालत जेवायचे. रेडिओ उलट बोलत नाही, हा त्याचा एक मोठा गुण.

अशा माणसाच्या खिडकीशी एका गुरुवारी ती बाई आली. पन्नाशीची, अंगाने किरकोळ, बोटांवर सुया टोचल्याच्या खुणा. परमुलखातून इथे येऊन तिला नऊ वर्षं झाली होती. बाजारामागच्या गल्लीत कपडे उसवून-शिवून नीट करून देणारं एक दुकान होतं, तिथे ती मशीनवर बसायची. इथली भाषा ती सावकाश, जपून बोलायची.

"भाऊ, माझे हातमोजे हरवले," ती म्हणाली.

नानांनी लिहिलं: हातमोजे, लोकरी, एक जोड.

पुढच्या गुरुवारी तिची कात्री हरवली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मफलर. मग कंगवा, मग किल्ल्यांची साखळी, तीही किल्ल्यांशिवायची. असे चौदा गुरुवार झाले. ठाण्यातल्या पोरांना आयतीच करमणूक मिळाली. "नाना, तुमची गुरुवारची बाई आली हो! आज काय हरवलंय, अक्कल?" नानाही हसायचे. पण गुरुवारी सकाळी दाढी मात्र वस्तरा दोनदा फिरवून करायचे, हे कोणाला ठाऊक नव्हतं.

सही झाली की ती बाकावर टेकायची. नाना चहा मागवायचे. अर्धा तास ती काहीबाही बोलायची आणि नाना ऐकायचे.

"मी पुलावरून येते, भाऊ. तिथे राखाडी टोपीचा एक माणूस होता. मागच्या आठवड्यातही होता. माझ्याकडे बघत होता."

"बाई, शहर आहे. माणसं असायचीच. आणि डोळे दिलेत म्हटल्यावर बघणारच."

कधी ती आपल्या लोकांच्या सभेबद्दल सांगायची. तिच्या देशातल्या सरकारने तुरुंगात टाकलेल्या माणसांची नावं महिन्यातून एकदा मोठ्या चौकात वाचली जायची. ती वाचणाऱ्यांत ही होती. कधी तिकडे राहिलेल्या धाकट्या भावाबद्दल बोलायची. "आधी फोनवर नुसता भांडायचा माझ्याशी. आता वाचून दाखवल्यासारखा बोलतो. ताई, तू सभेला जात जाऊ नकोस. ताई, तब्येतीला जप."

"सुधारला म्हणा की!" नाना म्हणाले होते. त्यावर तीही हसली, जरा उशिराने. या गोष्टींना वहीत रकाना नव्हता, म्हणून नानांनी त्यातलं काहीच लिहिलं नाही.

चौदाव्या गुरुवारी तिचं चष्म्याचं घर हरवलं, काळं. आणि नवल म्हणजे दोनच दिवसांनी बस आगारातून आलेल्या गाठोड्यात चष्म्याचं काळं घर निघालं! नानांना कोण आनंद झाला. एवढ्या दिवसांत तिची एकही वस्तू शोधून देता आली नव्हती. आता हे तिला स्वतःच नेऊन द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. पट्टा घासूनपुसून घेतला, टोपी नीट बसवली आणि ठाण्याची गाडी मागितली. गाडीवरचा दिवा ड्रायव्हरने गंमत म्हणून लावला, नानांनी तो बंद करायला सांगितला नाही.

दुकानात चार मशिनं होती. तिच्या शेजारच्या तिघीजणी तिच्याच देशातल्या. एक गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं होतं. नाना दारातूनच ओरडले, "बाई, सापडलं बघा! दर गुरुवारी तुम्ही ठाण्यात येता, म्हटलं या वेळी ठाण्यानेच तुमच्याकडे यावं!"

मशिनं थांबली. कोणी हसलं नाही. ती उठली, दोन्ही हातांनी ते घर घेतलं आणि त्याकडे बघत राहिली. "आभारी आहे, भाऊ," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. बिचारीला भरून आलं, असं समजून नाना शीळ घालत परत आले.

नंतरच्या गुरुवारी ती आली नाही. पुढच्याही नाही. असे पाच गुरुवार गेले. नानांनी पहिले दोन चहा मागवून ठेवले, मग मागवायचे बंद केले. गरज सरो, वैद्य मरो, ही जगाची रीतच आहे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. राग आला होता खरा, पण रागापेक्षा बाक रिकामा दिसायचा त्याचं जास्त वाईट वाटायचं.

तेवढ्यात मुख्यालयातून प्रशिक्षणाचा हुकूम आला. ठाण्यातून एकेक माणूस पाठवायचा होता. जिची खिडकी बंद राहिली तर कोणाचं काही अडणार नाही अशी व्यक्ती म्हणून साहेबांनी नानांचं नाव दिलं. विषयाचं नाव गाडीच्या डब्यांएवढं लांब होतं: परदेशी सरकारांकडून इथे राहणाऱ्या त्यांच्या लोकांना होणारी दमदाटी, तिची ओळख आणि स्थानिक पोलिसांचे कर्तव्य. "घ्या! चोर सापडेनात, आता सरकारं पकडा," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं.

शिकवायला एक निरीक्षकबाई होत्या. वय असेल पस्तीस, आवाज हळू, हातात खडू. जेवणानंतरचा तास असल्यामुळे नानांचे डोळे मिटत होते.

"दूरचं सरकार इथे रणगाडे पाठवत नाही," बाई सांगत होत्या. "ते तिकडे मागे राहिलेल्या भावाच्या शेजारी एक माणूस बसवतं आणि त्याला फोन करायला लावतं. मग कालपर्यंत भांडणारा भाऊ अचानक वाचून दाखवल्यासारखा बोलायला लागतो."

नानांची झोप उडाली.

"इथे कोणीतरी नुसतं उभं राहतं. पुलावर, बसथांब्यावर. हात लावत नाही, शिवी देत नाही. कलम कुठलं लावणार? पण ज्याच्यासाठी तो उभा असतो त्याला बरोबर कळतं. आणि ही माणसं तुमच्याकडे तक्रार घेऊन येत नाहीत. त्यांनी तिकडचे पोलीस पाहिलेत, दुधाने तोंड पोळलंय त्यांचं. ती आधी काहीतरी फुटकळ कारण काढून येतात. दहा वेळा येतात. समोरचा माणूस सांगण्यासारखा आहे का, हे बघतात."

बाईंनी फळ्यावर एक जाड रेघ ओढली.

"आणि अशा माणसाच्या दारात वर्दी घालून कधीही जायचं नाही. पाळत ठेवणाऱ्यांना कळतं, ही पोलिसांकडे जाते. तिच्याच लोकांना वाटतं, ही आपल्या बातम्या पोलिसांना देते. ती दोन्हीकडून तुटते."

"मॅडम, इतकं बिनडोक कोण असेल?" कोणीतरी विचारलं आणि वर्ग खो खो हसला. नाना मान खाली घालून बसले. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय, ते बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना त्या दिवशी कळलं.

वर्ग सुटल्यावर ते ठाण्यात जाऊन वही घेऊन आले. निरीक्षकबाई आवराआवर करत होत्या. नानांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, दिव्याच्या गाडीसकट. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत. त्यांनी वही चाळली.

"हातमोजे. कात्री. कंगवा," त्या म्हणाल्या. "नाना, यातलं काही हरवलं नसणार, हे तुम्हालाही आता कळलंय. एवढ्यावर मी काय करू?"

"मला आठवतंय, मॅडम."

"काय आठवतंय?"

"सगळं."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. राखाडी टोपीवाला कोणत्या गुरुवारी पुलावर होता आणि कोणत्या गुरुवारी दुकानासमोर. त्याच्या गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे, जे ती सहज बोलून गेली होती. भावाचा फोन सभेच्या आदल्या दिवशीच यायचा, कधी मागेपुढे नाही. एकदा त्या फोनमध्ये मागे कोणीतरी खोकलं होतं आणि भाऊ मध्येच थांबला होता. झाडूवाल्या मावशी दोनदा डोकावून गेल्या, बाहेर ऊन उतरलं, बाईंची नऊ पानं भरली.

"इतकं लक्षात कसं राहिलं तुमच्या?" बाईंनी पेन खाली ठेवून विचारलं.

"आठवड्यात दुसरं कोणी बोलतच नाही माझ्याशी," नाना म्हणाले, आणि आपण हे काय बोलून बसलो म्हणून त्यांना लाजल्यासारखं झालं. मग घाईघाईने म्हणाले, "उद्या जातो मी दुकानात. साध्या कपड्यांत. पाया पडून माफी मागतो तिची."

"तुम्ही जायचं नाही."

"मॅडम, चूक माझी—"

"म्हणूनच. तुमचा चेहरा आता त्या दुकानाला पाठ आहे. त्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही. रस्त्यात समोर आली तरी ओळख दाखवायची नाही. वर्दीत तर नाहीच नाही. ती पोलिसांची माणूस नाही, हे लोकांना पटायला हवं, नाना. नुसतं सांगून पटत नाही."

"आणि खिडकीशी आली तर?"

"येणार नाही. तिला आम्ही दुसरी वाट देऊ."

महिन्याभराने निरीक्षकबाई ठाण्यात साहेबांना भेटायला आल्या होत्या, तेव्हा जाताजाता खिडकीशी थांबल्या. त्यांची एक सहकारी झगे आखूड करून घ्यायच्या निमित्ताने दुकानात तीनदा गेली होती. तिसऱ्या खेपेला पडद्यामागे माप घेताघेता शिवणवाली बोलली. नाना दुकानात गेले त्या दिवसापासून शेजारच्या तिघींनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. ती मशीनपाशीच एकटी जेवायची. सभेत तिला नावं वाचायला देत नव्हते. आणि भावाचा फोन बंद झाला होता.

"भाऊ कुठे आहे?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही. चौकशी चालू आहे." बाईंनी सांगितलं. "तुमच्या नऊ पानांमुळे टोपीवाला सापडला, हे खरं. पण तो एकटा नव्हता. बाकीचे कोण, ते अजून कळलेलं नाही. तिचा जबाब झालाय. आता आमच्याकडून तिच्याकडे कोणी जाणार नाही. तिला एक नंबर दिलाय, संकट आलं तर ती फोन करेल." मग जरा हळू आवाजात त्या म्हणाल्या, "तिने एकच विचारलं. खिडकीवरचे भाऊ रागावलेत का, मी इतके दिवस खोटं बोलले म्हणून?"

नानांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी रागावू? मी? अहो, तिला सांगा—"

"कसं सांगू? कोणी जात नाही म्हटलं ना. तिने फोन केला तर नक्की सांगेन."

"कधी करेल?"

"तिच्यावर काही आलं तर."

आपला निरोप पोचावा असं म्हणणं म्हणजे तिचं वाईट चिंतणंच झालं. त्या दिवसापासून रोज सकाळी चहा करताना ते मोठ्याने म्हणायचे, नको गं बाई फोन करूस. स्वयंपाकघरात दुसरं कोणी नव्हतंच ऐकायला.

ती दिसली ती एका भर दुपारी. नाना वर्दीत होते, ठाण्याचं टपाल घेऊन निघाले होते. मोठ्या चौकात पादचाऱ्यांचा दिवा हिरवा झाला, दोन्ही बाजूंनी माणसं उतरली, आणि समोरून येणाऱ्या घोळक्यात ती होती. खांद्याला कापडाची पिशवी, आधीपेक्षा वाळलेली. तिने नानांना पाहिलं. तिची पावलं मंदावली आणि चेहऱ्यावर तो प्रश्न इतका स्पष्ट उमटला की आंधळ्यालाही वाचता आला असता.

एक मान हलवली असती तरी पुरलं असतं. नुसते डोळे मिटून उघडले असते तरी तिला कळलं असतं. पण चौकात पन्नास माणसं होती आणि त्यांतल्या कोणाच्या डोळ्यांना काय काम दिलेलं आहे, हे नानांना ठाऊक नव्हतं.

"ओ, सरका! दिवा बदलतोय!" नाना शेजारच्या माणसावर उगाचच खेकसले. तो बावचळून बाजूला झाला. ती हातभर अंतरावरून गेली. तिच्या कपड्यांना गरम इस्त्रीचा वास येत होता. नानांनी समोरच्या खांबावर नजर ठेवली आणि चालत राहिले.

नाना पलीकडच्या फुटपाथवर पोचले. मागे वळून बघायची इतकी इच्छा झाली की त्यांनी टपालाचं पाकीट छातीशी आवळून धरलं. आता ती घरी जाईल, एकटी जेवेल आणि मनाशी पक्कं करेल की भाऊ रागावलेत. नानांनी तिला तसं समजू दिलं.