प्रश्नात नसलेलं मचाण

तांड्यातून इंटर सायन्सपर्यंत पोचलेला खेमसिंग पहिलाच, त्यामुळे त्याची आई रुपीबाई दारव्ह्याच्या बाजारात भेटेल त्याला लेकाचं कौतुक ऐकवी. तो तिला याडी म्हणे. ज्वारी राखायचं काम पूर्वी त्याचं होतं. तो यवतमाळला शिकायला गेला आणि गोफण याडीच्या हाती आली. पोरगा वसतिगृहात पुस्तकात डोकं घालून बसलेला, आणि ती उन्हातान्हात मचाणावर उभी.

चाचणीत मात्र गड्याने माती खाल्ली. भौतिकशास्त्रात जो नापास, त्याला विद्यापीठाच्या परीक्षेला बसू द्यायचं नाही असं कॉलेजचं फर्मान, आणि हा थोडक्यात हुकलेला. तोंड एवढंसं करून तो सरांकडे गेला.

सरांनी पेपर काढला. घर्षण नसलेल्या गाडीवरून माणसाने दगड पुढे फेकला तर गाडी किती वेगाने मागे जाईल, हे गणित त्याने चोख सोडवलं होतं. ते त्याच्या पायांनाच ठाऊक होतं. गोफण सुटली की मचाण मागे हिसका देई. पुढच्या गणितात घोड्याने पेंड खाल्ली. सपाट मैदानावर दिलेल्या वेगाने फेकलेला दगड जास्तीत जास्त लांब जायला कोन किती हवा? सगळ्या वर्गाने पंचेचाळीस अंश लिहिलं, याने पानभर खटपट करून बेचाळीस.

सरांनी ते पान नीट वाचलं. पठ्ठ्याने दगड बारा फूट उंचीवरून फेकला होता.

“खेमसिंग, प्रश्नात मचाण कुठे आहे?”

“सर, जवारी डोक्याच्या वर जाते. खाली उभं राहून गोफण मारतच नाही कोनी.”

सर हसले, मग त्यांनी आकडेमोड पुन्हा तपासली. बारा फुटांसाठी उत्तर अगदी बरोबर होतं, आणि ते काढणं जास्त कठीण. त्यांनी अर्धे गुण दिले. तेवढ्यावर तो तरला. उरलेले अर्धे प्रश्नात नसलेलं मचाण बांधल्याबद्दल कापले, असंही त्यांनी बजावलं. आता मचाणावर कोण असतं, त्यांनी सहज विचारलं. याडी, दिवसभर उन्हात, त्याने सांगितलं.

विद्यापीठाच्या पेपरात तसंच गणित आलं. ‘जमिनीवरून फेकलेला दगड’, खेमसिंगने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. डोळ्यांसमोर ती उभीच होती, ओढणी मागे टाकून गोफण फिरवत. त्याने मनातल्या मनात याडीला हात दिला, सांभाळून खाली उतरवलं, सावलीत बसवलं, आणि मग उत्तर लिहायला घेतलं.